नुसतं पाणी बघायला

आमच्या घरातल्या बायका फिरायला जात नाहीत. त्या देवाला जातात, लग्नाला जातात, मातीला जातात, बाळंतपणाला जातात आणि फारच झालं तर दवाखान्याला जातात. यातलं एकही कारण हाताशी नसेल तर पिशवी भरायची नाही, असा कुणी कायदा केलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही. मी धाराशिवला सरकारी कचेरीत नोकरी करते, एकटी राहते आणि सुट्टीला मनात येईल तिकडं जाते. म्हणून येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात मला केव्हाच हाताबाहेर गेलेली धरतात. धरू देत. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा, आणि तीच सांगायला बसले आहे.

भादव्यात महालक्ष्म्यांना गावी गेले होते. लक्ष्म्या उठल्या, पुरणाची भांडी घासून झाली आणि आम्ही तिघी पडवीत पाय पसरून बसलो. तिघी म्हणजे मी, माझी चुलती आणि चुलतीची सून, म्हणजे माझी वहिनी. वहिनीनं मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ लावला. यंदा पाऊस चांगला झाला होता, बोरी नदीवरचं धरण भरून सांडत होतं, आणि नळदुर्गच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधावरून पाणी कोसळत होतं. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि पाणी दोन ठिकाणी पडतं. एकाला नर म्हणतात, एकाला मादी. दरवर्षी पडत नाही. धरण सांडलं तरच.

काकूंनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. "पुन्ना लाव," म्हणाल्या. वहिनीनं लावला. संपला. "पुन्ना लाव."

काकूंचं माहेर नळदुर्गजवळच्या एका वस्तीवरचं, मेंढरांचं घर. त्यांचे भाऊ मेंढरं घेऊन किल्ल्याच्या अंगानं जायचे, पाणी आलं की त्याच्याखाली उभे राहायचे, ओल्या कपड्यांनी घरी यायचे आणि पोटभर शिव्या खायचे. बहिणीनं विचारलं, कसं हाय रं, की म्हणायचे, काय न्हाय, नुसतं पाणी हाय. मग बहिणीचं लग्न झालं आणि ती आमच्या घरात आली. माहेरी जाणं-येणं राहिलं, पण माहेरी आलेली लेक किल्ला बघायला जात नसते. ती हात धुऊन भाकरी थापायला लागते. अशी त्यांची साठी उलटली.

"मला ह्ये खरं बगायचंय," काकू म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, मोबाईलशीच.

"मग उद्याच चला की," मी म्हणाले. "नळदुर्ग बघू, पुढं सोलापूरला एक मुक्काम करू, परवा परत."

बाहेर ओट्यावर बसलेल्या काकांचे कान फार तिखट. तिथूनच त्यांनी विचारलं, "कशाला?"

हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे. शिकायचंय? कशाला. नोकरी? कशाला. वेगळी खोली? कशाला. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, तुम्ही गप्प बसावं एवढंच हवं असतं. गेल्या हिवाळ्यात हेच काका दोस्तांबरोबर जीप करून म्हैस बघायला म्हणून लातूरकडं गेले आणि दोन मुक्काम करून परत आले. म्हैस काही आली नाही. अंगाला ढाब्याचा वास तेवढा आला. तेव्हा त्यांना कुणी कशाला म्हणून विचारलं नव्हतं.

"यष्टीला अर्धं तिकीट झाल्यापासनं बायकांस्नी पाय फुटल्यात," काका म्हणाले. "देवीला जायचं आसंल तर जावा. नगं कोन म्हणतंय? पर नुसतं भटकाय घरंदाज बायका जात न्हाईत."

मी तोंड उघडलं. म्हैस माझ्या जिभेच्या टोकावर होती. पण त्याआधी काकू घाईघाईनं बोलून मोकळ्या झाल्या, "आवं, देवीलाच चाललाव. तुळजापूरला. मुक्काम करून येताव."

"मग ठीक," काका म्हणाले. "दर्शन झालं की सरळ घर."

हा आमच्या घरातला जुना नेम. देवीचं दर्शन घेतलं की वाटेत दुसऱ्याच्या दारात शिरायचं नाही, पाहुण्याकडं थांबायचं नाही, इकडंतिकडं बघत बसायचं नाही. दर्शन घेतलेल्या पायांनी थेट आपल्या उंबऱ्यावर यायचं आणि आल्यावर शेजारीपाजारी प्रसाद वाटायचा. नेम चांगला असेल, वाईट असेल, मला त्याच्याशी भांडण नाही. पण त्याचा फायदा कुणाला होतो ते मला तेव्हा लख्ख दिसलं. बाईला बाहेर पडायला देवी हवी, आणि देवी भेटली की लगेच घर.

स्वयंपाकघरात मी काकूंना गाठलं. "खोटं कशाला बोललाव?"

"खोटं कुठं? तुळजापूर वाटंवरच हाय. येताना दर्शन घिऊ. झालं खरं."

"तुमाला पाणी बगायचंय ना?"

"बगायचंय."

"मग तसं सांगा की."

"सांगून काय हुतंय गं? जायाला मिळतंय ना, तेवढं बघ." आणि त्या खणाची घडी, नारळ, हळकुंड, तांदळाची पुडी असं ओटीचं सामान पिशवीत भरू लागल्या.

माझं डोकं फिरलं. त्यांनी बाहेर पडावं एवढ्यानं माझं भागणार नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. मला बघायचं होतं म्हणून गेले. बस, एवढंच. साठी उलटलेल्या बाईला हे एक वाक्य आपल्या घरात, आपल्या नवऱ्यापुढं बोलता येऊ नये, या गोष्टीनं माझ्या अंगाची लाही झाली. पण काकूंच्या वतीनं मी बोलून उपयोग नव्हता. ते त्यांचंच होतं.

सकाळी येरमाळ्याहून एसटी धरली. कंडक्टरनं तिकिटं फाडताना विचारलं, "तुळजापूर का? देवीला?" काकू "व्हय" म्हणाल्या. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं. "व्हय." धाराशिवच्या स्टँडवर चहावाल्यानं विचारलं. पुन्हा "व्हय." प्रत्येक वेळी त्या माझ्याकडं चोरून बघायच्या आणि मी खिडकीबाहेरचं सोयाबीन बघायची. वहिनी बिचारी आमच्या दोघींच्या मध्ये बसून शेंगदाण्याचे लाडू वाटत होती.

तुळजापूरला गाडी बदलायची होती. नळदुर्गची एसटी लागायची होती, म्हणून आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. काकूंनी कळसाच्या दिशेला पाठ केली होती. चुकून दर्शन घडू नये म्हणून. नेम तो नेम, दर्शन आधी झालं तर सरळ घर गाठावं लागणार, म्हणून साक्षात देवीच्या गावात येऊन बाई देवीकडं पाठ करून बसलेली. मला हसू आवरेना.

आणि तेवढ्यात गळ्यात कवड्यांची माळ घातलेली, हातात परडी घेतलेली एक आराधीण समोर आली. "उदो उदो" म्हणत तिनं परडी पुढं केली. काकूंनी सवयीनं मान वाकवली आणि आराधिणीनं मूठभर कुंकू त्यांच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. चांगला मळवट.

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "आई! झालं की दर्शन!"

"कुठं झालं?" काकू दचकल्या.

"देवीचं कुंकू लागलं की कपाळाला. आता सरळ घर."

"आगं, ही स्टँडवरची. देवळातलं कुठं हाय?"

"कुंकू तर तिचंच की."

बाकावरची बाकीची मंडळीही यात पडली. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, पायरी चढल्याशिवाय दर्शन धरत नाहीत. एक बाई म्हणाल्या, परडीतलं कुंकू म्हणजे पायरीवरचंच. तिसरा कुणी म्हणाला की, नारळ फोडलाय का? नाही ना, मग दर्शन नाही. नळदुर्गची एसटी येऊन लागली तरी निकाल लागेना. वहिनीचा चेहरा रडवेला झाला, कारण तिलाही ते पाणी बघायचं होतं आणि देवीचा कोपही नको होता. मी मुद्दाम गप्प बसले. माझ्या मतानं काही ठरलं असतं तर ते माझंच झालं असतं.

काकूंनी मळवटाला बोट लावून बघितलं. मग उठल्या, पिशवी उचलली.

"म्या तिला बघितलं न्हाय. तिनं मला बघितलं," त्या म्हणाल्या. "आन् हितं येऊन कुंकू लावलं. मागं फिर म्हणायचं आसतं तर कशाला लावलं आसतं? चला, चढा."

फेटेवाले आजोबा "बराबर हाय" म्हणाले. आम्ही चढलो. गाडीत मात्र मळवट बघून जो तो विचारत होता, "दर्शन झालं वाटतं? आता नळदुर्गाला खंडोबा का?" आमच्या जिल्ह्यात तुम्ही कुठंही उभे राहा, तोंड कुठल्या ना कुठल्या देवाकडं होतंच.

नळदुर्गला उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. किल्ल्याच्या दरवाज्यात गर्दी. पोरंपोरी मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होती, नवी जोडपी, कॉलेजची टोळकी, टोप्या घातलेले मास्तर. मी बायकांचे घोळके शोधत होते. काकूंच्या वयाच्या, लुगडं नेसलेल्या. फार नव्हत्या. ज्या होत्या त्या दमलेल्या नातवंडांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि पाण्याकडं बघायची पाळी यायची वाट बघत होत्या.

आवाज आधी आला. काकू थांबल्या. "त्येच का?"

"तेच."

मग त्या चालल्या नाहीत, सुटल्या. गुडघे दुखतात म्हणून घरात पाटावरसुद्धा आधार घेऊन बसणारी बाई ओल्या फरशीवरून माझ्यापुढं चालली होती. बांधावर पोचलो. एका अंगाला भरलेलं पाणी शांत उभं होतं, आणि दुसऱ्या अंगाला तेच पाणी पांढरं होऊन खाली कोसळत होतं. बोलायची सोय नव्हती. काकूंनी पदर कमरेला खोचला आणि पाणीमहालाकडं बोट केलं. अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या. मी "नको" म्हणेपर्यंत त्या खाली उतरल्याही.

आत खिडकीशी जागा मिळाली. समोरून पाण्याचा पडदा पडत होता आणि त्याचे तुषार सरळ तोंडावर. वहिनी किंचाळून हसली. मी चष्मा पुसून पुसून दमले. काकू खिडकीच्या दगडाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, आणि त्यांचा मळवट भिजून कपाळावरून, नाकावरून, गालांवरून लाल ओघळत होता. तो त्यांनी पुसला नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. मागची माणसं "मावशी, सरका" म्हणायला लागली, तरी त्या सरकल्या नाहीत. मला वाटलं रडताहेत. जवळ जाऊन बघितलं तर रागावलेल्या होत्या. चांगल्या संतापलेल्या.

वर येऊन दगडावर बसलो तेव्हा बोलल्या. "माझ्या भावांनी ह्ये बगितलं. पडंल त्या साली बगितलं. आन् मला काय सांगितलं? काय न्हाय, नुसतं पाणी हाय." त्या भिजलेला पदर पिळत होत्या. "नुसतं पाणी! आगं, म्या इचारत हुते त्यांला. हात धरून इचारत हुते. कसं पडतंय, आवाज येतो का, अंगावर उडतंय का. तर म्हणं, काय न्हाय."

त्या भावांपैकी एक आता नाही, दुसरा थकलेला आहे. पण काकूंना त्या क्षणी ते दोघे ओल्या कपड्यांनी समोर उभे दिसत असणार. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकला. बरं केलं. तो राग पुसायचा नव्हताच.

तिथून सोलापूर. आमच्याकडचा माणूस सोलापूरला जातो तो बहुतेक दवाखान्यासाठी. काकूही आजवर त्यासाठीच गेलेल्या. सासऱ्यांचं ऑपरेशन, दिराचा अपघात, स्वतःचा मोतीबिंदू. सोलापूर म्हणजे त्यांच्या लेखी औषधांचा वास, बाकडी आणि घरून आलेला डबा. स्टँडजवळच्या लॉजवर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठल्या दवाखान्यात हाय?"

"पेशंट न्हाय," काकू म्हणाल्या.

"मग?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

"फिराय आलाव," काकू म्हणाल्या. इतक्या हळू, की त्या माणसानं "आं?" केलं. "फिराय!" त्या जवळजवळ ओरडल्याच. त्यानं आता मान वर केली, तिघींकडं बघितलं, गालावरचे लाल ओघळ बघितले आणि किल्ली दिली. खोलीत गेल्यावर काकू पलंगावर बसून तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "काय म्हणंल त्यो! मळवट भरून बाया फिराय आल्यात!"

तोंड धुऊन संध्याकाळी नव्या पेठेत गेलो. काही घ्यायचं नव्हतं. दुकानांतले दिवे बघितले, चादरींच्या घड्या उलगडायला लावल्या आणि न घेता निघालो. दुकानदाराला राग येईल म्हणून वहिनी लाजत होती, काकू मात्र मजेत होत्या. मग एका हॉटेलात बसलो. काकूंनी स्वतः सांगून ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची आमटी आणि वर कांदा मागवला. "घरी ह्येच खाताव की," वहिनी म्हणाली. "घरी म्या करते," काकू म्हणाल्या. "हितं म्या बसले."

ताटं आली आणि फोन वाजला. काका.

"दर्शन झालं का नीट?" त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

काकूंनी ताटाकडं बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "झालं. गर्दी हुती." आणि फोन ठेवला.

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि तो तसाच ताटात ठेवला.

"काय झालं, आई?" वहिनीनं विचारलं.

"घास उतरंना." मग म्हणाल्या, "भावांनी बघून आल्यावर काय न्हाय म्हणून सांगितलं. आता म्याबी तेच करायले. एवढं बघून आले, आन् म्हणायले की न्हाय बघितलं." त्यांनी ताट पुढं सरकवलं. "मग त्यांच्यात आन् माझ्यात काय फरक ऱ्हायला?"

तुम्ही मला कठोर म्हणा, पण मला त्या क्षणी बरं वाटलं. काकूंना वाईट वाटत होतं म्हणून नव्हे. ते वाक्य त्यांच्या गळ्याशी येऊन बसलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी निघताना काकूंनी शेंगाची चटणी घेतली. चांगली जास्तीची, पुड्या बांधून. "एवढी कुणाला?" वहिनीनं विचारलं. "वाटाय," काकू म्हणाल्या. वहिनीला कळलं नाही. मलाही नाही.

तामलवाडी मागं पडली, तुळजापूर जवळ आलं, तशी वहिनी ओटीची पिशवी मांडीवर घेऊन सरसावून बसली. तिचा हिशोब साधा होता. उतरायचं, ओटी भरायची, नारळ फोडायचा, प्रसाद घ्यायचा, सरळ घर. काल फोनवर बोललेलं आज खरं होऊन जाईल आणि कुणालाही तोंड लपवावं लागणार नाही. खरं सांगायचं तर मीही मनातून ढिली पडले होते. दमलेही होते. म्हटलं, जाऊ दे, पाणी तर बघितलं. "उतरायचं का काकू?" मीच विचारलं.

गाडी स्टँडात शिरली. काकू उठल्या नाहीत. त्यांनी खिडकीची काच सरकवली आणि या वेळी मंदिराच्या दिशेला तोंड करून हात जोडले. डोळे मिटले नाहीत.

"आई, आज न्हाय," त्या देवीला म्हणाल्या. माझ्याशी बोलाव्यात तशा साध्या आवाजात. "आज आले तर त्ये म्हणतील देवीला गेल्ती. तुजं नाव सांगून म्या पाणी बगाय गेले, ह्ये माजं चुकलं. आता तुला त्यात वडत न्हाय. तुज्यासाटी यीन तवा फकस्त तुज्यासाटी यीन."

"आई, नारळ?" वहिनी कुजबुजली.

"ऱ्हाऊ दे पिशवीत."

मी आयुष्यभर तावातावानं बोलत आले आहे. सभेत बोलले, कचेरीत बोलले, काकांशी तर कायमच. पण देवीच्या दारात बसून देवीलाच असं तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नसती. कारण मला देवीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि काकूंना होतं. गाडी निघाली. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि त्या, जणू काही झालंच नाही अशा, पुढच्या सीटवरच्या बाळाला खुणावत होत्या.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. काका ओट्यावर बसले होते. आम्ही पायांवर पाणी घेतलं. काकांनी सवयीप्रमाणं ओंजळ पुढं केली. "आना परसाद."

काकूंनी पिशवीत हात घातला, अख्खा नारळ काढला आणि काकांच्या ओंजळीत ठेवला. शेंडी तशीच.

काकांनी नारळ फिरवून बघितला. "फोडला न्हाय?"

"गेलेच न्हाय देवीला," काकू म्हणाल्या.

"आं? काल तर म्हणलीस, दर्शन झालं."

"खोटं बोलले. मला नळदुर्गाचं पाणी बगायचं हुतं म्हणून गेले. आन् बगितलं."

वहिनी माझ्या मागं सरकली. काका नारळ हातात धरून तसेच. त्यांना आधी समजलंच नसावं. मग चेहरा तांबडा झाला. "पाणी? पाणी बगाय दोन दिस? आपल्या आडाला पाणी न्हाय का?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "त्ये म्या जलमभर वडलं. त्ये तितलं कुणी न वडता पडतंय."

काका माझ्याकडं वळले, कारण बायकोशी हरलेल्या माणसाला भांडायला दुसरं कुणीतरी लागतं. "तूच शिकवलंस ह्ये."

"तिनं न्हाय शिकवलं," काकू मध्येच म्हणाल्या. "ती तर तुळजापुरात उतरा म्हणत हुती."

मी मान खाली घातली. काका नारळ घेऊन उठले, देवघरासमोर ठेवून आले आणि चप्पल घालून बाहेर पडले. रागावून गेले. रात्री जेवायला येणार होतेच. काकू काही त्यांच्या मागं धावल्या नाहीत.

तोवर शेजारणी जमल्याच होत्या. आम्ही देवीला गेलो हे साऱ्या गल्लीला माहीत, आणि देवीहून आलेल्या माणसाच्या दारात प्रसादाला यायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. काकूंनी चटणीच्या पुड्या सोडल्या आणि प्रत्येकीच्या हातावर चिमूटचिमूट घातली. सगळ्यात पुढं शेजारची म्हातारी होती. आमच्या गल्लीत सगळ्यात थोरली, आणि देवाला, दवाखान्याला आणि मातीला सोडून आयुष्यात कुठंच न गेलेली. तिनं डोळे मिटले, चटणीचा हात भक्तिभावानं कपाळाकडं नेला.

काकूंनी तिचं मनगट धरलं.

"कपाळाला लावू नगंस गं, डोळ्यात जाईल. परसाद न्हाय त्यो. चटणी हाय, सोलापूरची. म्या फिराय गेल्ते, तिथनं आनली."

म्हातारीनं डोळे उघडले. "फिराय? कशाला गं?"

"उगंच," काकू म्हणाल्या. "खा."